बाहेरचा माल

तारापूर एमआयडीसीत कोणाकडे ऑडिट येणार आहे हे कळायला आत ओळख असावी लागत नाही. रस्त्याने नुसतं चालत गेलं तरी पुरतं. ज्या कारखान्याच्या गेटाबाहेरच्या झाडांना गेरू-चुना लागला, त्याच्याकडे ऑडिट. आत जावं तर पिवळे पट्टे नव्याने मारलेले असतात, ते ओले असतानाच कोणीतरी त्यांवरून फोर्कलिफ्ट नेलेली असते आणि पिवळ्या चाकांची नक्षी थेट कॅन्टीनपर्यंत गेलेली असते. एरवी डोक्याला टॉवेल गुंडाळून फिरणारी मंडळी हेल्मेट घालून चहा पीत असतात. वर्षभर कपाटात झोपलेल्या एसओपी लॅमिनेट होऊन भिंतीवर येतात. आणि स्टोअरमधलं काही सामान टेम्पोत बसून दोन दिवसांच्या सहलीला जातं.

या धामधुमीत आयटीवाल्याला आजवर कोणी हात लावला नव्हता. आमच्या कंपनीत (नाव सांगण्यात अर्थ नाही, बोईसर स्टेशनला उतरून कुठल्याही शेअर रिक्षात बसलात तरी अशाच एखाद्या कंपनीपुढे उतराल) आयटी विभाग म्हणजे मी, एक खुर्ची आणि एक यूपीएस. तिघांत यूपीएस सर्वांत भरवशाचा. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद, केमिकलने बोटांच्या रेषा पुसट झालेल्या लोकांना न ओळखणारं हजेरीचं मशीन आणि मालकांच्या नातवाचे शाळेचे प्रोजेक्ट, ही माझी मुख्य कामं. उरल्या वेळात मी एक सॉफ्टवेअर सांभाळतो. गेटपास, वजनकाटा आणि डिस्पॅच एवढं ते बघतं. जावास्क्रिप्टमध्ये आहे. एका मुलाने लिहायला घेतलं, तो पुण्याला गेला. दुसऱ्याने पुढे नेलं, तो बंगलोरला गेला. तिसऱ्याने "मी सगळं नव्याने लिहितो" म्हणून सुरुवात केली आणि अर्ध्यावर कॅनडाला गेला. सॉफ्टवेअर मात्र बोईसरलाच राहिलं, आणि त्याच्यासोबत मी.

यंदाचं ऑडिट परदेशी ग्राहकाचं होतं. क्यूए मॅडम छापील प्रश्नावली घेऊन माझ्या खुर्चीपाशी आल्या.

"शेवटचं पान तुमचं."

शेवटच्या पानावर, 'पिण्याच्या पाण्याची चाचणी' आणि 'उंदरांचे सापळे' या दोन प्रश्नांच्या मध्ये, एक नवाच प्रश्न बसला होता. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये बाहेरची कोणकोणती पॅकेजेस प्रत्यक्ष वापरली जातात त्यांची यादी द्या.

"किती वेळ लागेल?"

"पाच मिनिटं," मी म्हणालो. आयटीवाला 'पाच मिनिटं' म्हणतो तेव्हा त्याला फक्त समोरच्या माणसाला घालवायचं असतं.

ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. जावास्क्रिप्टवाला स्वतः फारसं काही लिहीत नाही. तारीख दाखवायची असो, पीडीएफ काढायची असो, नाहीतर बटणाचा रंग बदलायचा असो, तो एनपीएम नावाच्या फुकट गोदामातून तयार तुकडा मागवतो. हे गोदाम २०१० पासून उघडं आहे. कोणीही यावं, माल ठेवावा. कोणीही यावं, माल न्यावा. आता तिथे लाखोंनी तुकडे पडलेत. आपण काय मागवलं त्याची नोंद पॅकेज.जेसन नावाच्या फायलीत होते. म्हणजे आपलं स्टोअरचं आवक रजिस्टरच.

मी रजिस्टर उघडलं. सत्तेचाळीस नावं. कॉपी केली, मॅडमना मेल केली आणि चहाला गेलो.

कॅन्टीनमध्ये स्टोअरवाले काका बसले होते. कंपनीची शेड उभी राहण्याआधी काका तिथे खुर्ची टाकून बसले होते आणि मग त्यांच्याभोवती शेड बांधली, असं म्हणतात.

"झाली यादी?"

"झाली. रजिस्टरच देऊन टाकलं."

काकांनी चहा बशीत ओतला. "रजिस्टर दिलंत. पण त्यांनी 'वापरता काय' असं विचारलंय ना?"

"मग?"

"मग काय. माझ्या रजिस्टरवर ड्रायरचे अठरा गॅस्केट आहेत. ड्रायर २००९ साली भंगारात गेला."

"मग गॅस्केट टाकून का नाही देत?"

मी जणू त्यांच्या घरातला देव्हारा विकायला काढला होता, अशा नजरेने काकांनी माझ्याकडे बघितलं. "असू देत. तसला ड्रायर परत आला तर?"

परत येऊन मी आमचं रजिस्टर पहिल्यांदाच नीट वाचलं. नुसत्या तारखा दाखवण्यासाठी त्यात तीन पॅकेजेस होती. मोमेंट, डे-जेएस आणि डेट-एफएनएस. तिन्ही मुलांची आवड वेगळी आणि आधीच्याचं काढून टाकायची छाती कोणाचीच नाही. त्यातल्या मोमेंटच्या कर्त्यांनी तर सप्टेंबर २०२० मध्ये स्वतःच जाहीर केलंय की आम्ही आता यात नवीन काही घालणार नाही, नव्या कामासाठी दुसरं काहीतरी बघा. दुकानदारच 'माझ्याकडून घेऊ नका' म्हणतोय, आणि आमच्या तिसऱ्या चिरंजीवांनी ते त्यानंतर आणलंय. बरं, एवढे तीन तज्ज्ञ पदरी बाळगून आमच्या गेटपासवर महिना आधी आणि दिवस नंतर छापला जातो तो जातोच. ४ मेला काढलेल्या पासवर ०५/०४ येतं आणि वॉचमन ड्रायव्हरला 'हा पास ५ एप्रिलचा आहे, महिनाभर कुठे होतास' म्हणून अडवून ठेवतो.

तर यातलं खरोखर वापरात काय आहे?

याला सोपा उपाय आहे. बाहेरचा माल जिथे जिथे आत घेतला जातो, तिथे कोडमध्ये 'रिक्वायर' किंवा 'इम्पोर्ट' असं लिहावंच लागतं. हे दोन शब्द शोधायचे, पुढचं नाव उचलायचं, संपलं. ग्रेप नावाची आज्ञा हेच करते. मी ती चालवली, निकाल छापला आणि मॅडमना नेऊन दिला. कागद जाड झाला होता म्हणून मला थोडा अभिमानही वाटला.

मॅडमनी पहिल्याच ओळीवर पेन ठेवलं. "हा 'टिंब टिंब तिरकी रेघ' कुठला सप्लायर?"

"तो सप्लायर नाही. टिंबाने सुरू होतात त्या आपल्याच फायली."

"आपल्याच? मग हे 'यूटिल्स', 'यूटिल्स-न्यू', 'यूटिल्स-न्यू-फायनल' आणि 'यूटिल्स-न्यू-फायनल-हेच-वापरा', हे चारही आपले?"

"हो."

"आणि वापरात कुठलं आहे?"

"पहिलं."

मॅडमनी पान उलटलं. 'पाथ' आणि 'एफएस' यांचा पुरवठादार कोण, हा पुढचा प्रश्न. ते नोडच्या, म्हणजे आमचं जावास्क्रिप्ट ज्यावर चालतं त्याच्या, घरचेच, बाहेरचे नव्हेत. पण नावावरून घरचं कोण आणि बाहेरचं कोण हे ओळखू येत नाही, म्हणून हल्ली घरच्यांच्या नावापुढे 'नोड' असं लावायची पद्धत आली आहे. आमच्यापर्यंत ती पोचलेली नाही. मग लोडॅश नावाचं पॅकेज. ते एके ठिकाणी अख्खं आणलेलं, दुसरीकडे 'लोडॅश' मग तिरकी रेघ मग 'डिबाउन्स' असं फोडीने आणलेलं. म्हणजे रेघेपुढचं सोडून द्यायचं. पण नावाच्या सुरुवातीला 'अ‍ॅट'चं चिन्ह असेल तर तीच रेघ नावाचा भाग, तेव्हा रेघेपुढचंही घ्यायचं. हा नियम मी मॅडमना समजावत असताना माझा माझ्यावरचाच विश्वास उडत चालला होता.

शिवाय ग्रेपला कॉमेंट कळत नाही. बंद करून ठेवलेल्या जुन्या ओळीही त्याने जिवंत म्हणून मोजल्या होत्या. एका ठिकाणी पीडीएफचं एक पॅकेज आत घेतलेलं, खाली ते कुठेही वापरलेलं नाही, आणि वर पहिल्या मुलाच्या हातची टीप: 'हे काढू नका. का ते माहीत नाही.' त्याखाली दुसऱ्याची टीप: 'मलाही नाही.' तिसऱ्याने फक्त अंगठा उचललेलं चित्र टाकलं होतं.

मग माझ्या मनात आलं, रजिस्टर आणि कोड राहू दे, प्रत्यक्ष गोदामात काय पडलंय ते तर बघू. मागवलेला सगळा माल नोड-मॉड्यूल्स नावाच्या फोल्डरात येऊन पडतो. तो मोजला. बाराशेच्या वर निघाला. कारण आपण मागवलेलं प्रत्येक पॅकेज येताना आपल्याला लागणारी दुसरी घेऊन येतं, ती तिसरी घेऊन येतात. इज-इव्हन नावाचं एक खरंखुरं पॅकेज आहे. संख्या सम आहे का ते सांगतं. कसं? ते इज-ऑड या दुसऱ्या पॅकेजला विचारतं की विषम आहे का, आणि आलेलं उत्तर उलटं करतं. इज-ऑड आधी इज-नंबरला विचारतं की हा मुळात आकडा तरी आहे ना. दुसरीतलं पोर जे बोटांवर सांगतं त्याला इथे तीन खाती लागतात.

"एक काय ते सांगा," मॅडम म्हणाल्या. "सत्तेचाळीस की बाराशे?"

"अवलंबून आहे."

"कशावर?"

"एकमेकांवर."

त्या संध्याकाळी पालघरला सोसायटीच्या बाकावर शेजारचे नाना भेटले. नाना तारापूरच्या अणुवीज केंद्रातून निवृत्त झालेले. चेहऱ्यावरून काय झालंय ते विचारलं, मी सांगितलं. बोलता बोलता लेफ्ट-पॅडचंही नाव निघालं. नानांना जावास्क्रिप्ट म्हणजे काय ते कळलं नाही, पण बाकी सगळं कळलं.

"म्हणजे कुठला पार्ट कोणाकडून आलाय ते माहीत नाही, लागतो की नाही तेही माहीत नाही, आणि तुम्ही ते चालू ठेवता?"

"चालतंय ना."

नानांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, "तो लेफ्ट-पॅड काय प्रकार म्हणालास?"

मी सांगितलं. मार्च २०१६. अझेर कोचुलू नावाच्या एका प्रोग्रामरचं 'किक' नावाचं पॅकेज होतं. त्याच नावाच्या एका मेसेंजर कंपनीने नाव मागितलं, याने दिलं नाही, एनपीएमने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. हा गडी संतापला आणि त्याने आपला सगळाच माल, अडीचशेच्या वर पॅकेजेस, गोदामातून उचलला. त्यात लेफ्ट-पॅड होतं. उणीपुरी अकरा ओळींची वस्तू. शब्दाच्या डाव्या बाजूला मोकळी जागा भरायची, एवढंच तिचं काम. पण ती बेबेल नावाच्या साधनाच्या पोटात होती, बेबेल जगाच्या पोटात होतं, आणि मोठमोठ्या कंपन्यांचे प्रोग्रॅम एकाएकी तयार व्हायचे थांबले. आपण लेफ्ट-पॅड वापरतो हे त्यातल्या बहुतेकांना त्या दिवशी कळलं. दोनेक तासांत एनपीएमने ते स्वतःच्या अधिकारात परत जागेवर आणून ठेवलं.

"दोन तास?" नाना हसले. "आमचं किती वर्षं चाललं माहितीये?" आणि त्यांनी तारापूरची कथा लावली. केंद्र १९६९ साली सुरू झालं. अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या, आणि इंधनही अमेरिकेनेच पुरवायचं. १९६३ च्या करारात तीस वर्षांची बोली होती. १९७४ साली पोखरणला स्फोट झाला आणि पुरवठादार रुसला. १९७८ मध्ये त्यांनी स्वतःच्या देशात कायदा केला आणि त्याचं बोट दाखवून हात वर केले. १९८२ मध्ये फ्रान्सशी बोलणी जमली, तेव्हा कुठे घोर मिटला. "बाहेरचा माल आमच्याकडेही होता," नाना म्हणाले. "पण आम्हाला तो बाहेरचा आहे हे ठाऊक होतं. तुमच्या लेफ्ट-पॅडवाल्यांना तेवढंही नव्हतं."

पालघर जिल्ह्यात राहून जावास्क्रिप्टच्या बाबतीत टोमणा ऐकावा लागेल आणि तोही बरोबर असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

खरं तर ऑडिटरचा प्रश्न बिनबुडाचा नव्हताच. जानेवारी २०२२ मध्ये 'कलर्स' या पॅकेजच्या कर्त्यानेच वैतागून त्यात न संपणारं चक्र घातलं आणि जगभरच्या स्क्रीनवर 'लिबर्टी लिबर्टी लिबर्टी' असं छापून यायला लागलं. सप्टेंबर २०२५ मध्ये एका भल्या माणसाला खोट्या मेलने फसवून 'चॉक' आणि 'डीबग' यांसारख्या, कोट्यवधी वेळा उतरवल्या जाणाऱ्या पॅकेजेसमध्ये चोरांनी आपला माल घुसवला. अशा गोष्टींच्या धास्तीने अमेरिकेने २०२१ पासूनच सरकारी खरेदीत सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी मागायचं धोरण धरलं, आणि आपल्याकडे सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेनेही २०२४ मध्ये त्याबद्दल मार्गदर्शन काढलं. ही मोठी चाकं फिरत फिरत शेवटी आमच्या उंदरांच्या सापळ्यांशेजारी येऊन थांबली होती.

तेव्हा मी हत्यारं काढली. न वापरलेली पॅकेजेस हुडकणारी तयार साधनं मिळतात. डेपचेक आहे, क्निप आहे. ती ग्रेपसारखा नुसता मजकूर चाळत नाहीत. प्रत्येक ओळीचं व्याकरण लावतात, त्याचं झाड मांडतात आणि कुठली फांदी कुठल्या पॅकेजला जाऊन मिळते ते बघतात. कॉमेंटला फसत नाहीत, टिंबांना फसत नाहीत. फक्त ती एनपीएमवरच मिळतात. मी एक उतरवलं तर ते स्वतःचे दोन-तीन डझन साथीदार घेऊन आलं. माल किती आहे ते मोजायला बोलावलेला माणूस बिऱ्हाडासकट मुक्कामाला आला आणि मोजणीत स्वतःलाही धरू लागला.

त्याने दोन याद्या दिल्या. पहिली, रजिस्टरवर आहेत पण वापरात नाहीत, अशी एकोणीस. दुसरी, वापरात आहेत पण रजिस्टरवर नाहीत, अशी सहा.

ही दुसरी जात जरा समजून घेण्यासारखी आहे. २०१५ मध्ये एनपीएमची तिसरी आवृत्ती आली आणि तिने एकात एक कोंबलेले फोल्डर शक्य तितके सपाट मांडायला सुरुवात केली. त्यामुळे दुसऱ्या कोणाच्या सामानातून आलेलं पॅकेजही आपल्या हाताला लागू लागलं. कोडने ते उचललं, वापरलं, नोंद करायची राहून गेली. आमच्या प्लांटमध्ये असे लोक असतात. ठेकेदाराबरोबर आलेले, गेटपास नाही, रजिस्टरला नाव नाही, पण रात्रपाळीला रिअ‍ॅक्टर तेच बघतात. ठेकेदार बदलला की रिअ‍ॅक्टर का थांबला ते कोणालाच कळत नाही. ऑडिटच्या दिवशी त्यांना सुट्टी देतात. मी मॅडमना विचारलं की या सहांनाही देता येईल का. नाही म्हणाल्या.

पहिल्या यादीतली एकोणीस मात्र मी उत्साहाने कापायला घेतली. तिसऱ्या कापणीलाच सॉफ्टवेअर सुरू व्हायचं थांबलं. कारण काही पॅकेजेस कोडमध्ये कोणी बोलावतच नाही. ती कॉन्फिगच्या फायलीत नुसत्या नावाने लिहिलेली असतात, तेही टोपणनावाने. 'प्रीसेट-एन्व्ह' असं पूर्ण नाव असलेल्याला तिथे 'एन्व्ह' म्हणून हाक मारतात. काही फक्त कमांडच्या ओळीत असतात. काही आपल्याला नको असतात, पण दुसऱ्या एका पॅकेजला ती शेजारी बसलेली लागतात. या साधनांना यातलं बरंचसं कळतं, असं त्यांच्याबद्दल न्यायाने म्हटलं पाहिजे. पण आमच्या तिसऱ्या मुलाने कॉन्फिग फाइल 'जुनं-डिलीट-करा' नावाच्या फोल्डरात ठेवली होती. तिथे कुठलं साधन बघायला जाणार?

आणि मग रिपोर्ट. दुसऱ्या मुलाने एक हुशारी केली होती. रिपोर्टसाठी कुठलं पॅकेज बोलवायचं त्याचं नाव त्याने कोडमध्ये लिहिलंच नव्हतं. ते डेटाबेसमधून येतं, तिथून नाव उचलायचं आणि 'रिक्वायर'च्या कंसात टाकायचं. अशा ठिकाणी जगातलं कुठलंही साधन हात टेकतं. कोणीतरी प्रत्यक्ष बटण दाबल्याशिवाय आत कोण येणार हे खुद्द प्रोग्रॅमलाही माहीत नसतं.

म्हणून मी वजनकाट्यावर गेलो. तिथला दादा गेली कित्येक वर्षं हेच सॉफ्टवेअर वापरतोय.

"दादा, हे बटण कधी दाबता?"

"मार्चमध्ये."

"आणि हे?"

"ते कधीच नाय. ते दाबलं की सगळं जातं."

"हे कसं कळलं?"

"दाबल्यावर."

कोपऱ्यात एक राखाडी बटण होतं. त्यावर 'टेस्ट' लिहिलेलं. दादा म्हणाला, हे आजवर कोणी दाबलेलं नाही. बटणाचं नावच टेस्ट म्हटल्यावर दाबायला हरकत कसली? दाबलं. काहीच झालं नाही. मी वहीत 'वापरात नाही' असं टिपलं आणि जेवायला गेलो.

दुपारी तीनच्या सुमाराला पहिला ट्रक आला. चारपर्यंत गेटापासून वळणापर्यंत रांग. 'टेस्ट' या बटणाचं काम असं होतं की आमच्या यादीतल्या तमाम ट्रान्सपोर्टवाल्यांना 'आपली गाडी ताबडतोब गेटवर रिपोर्ट करा' असा मेसेज जावा. तो गेला होता. वापीपासून भिवंडीपर्यंत सगळ्यांना. वॉचमनने शिरस्त्याप्रमाणे एकेकाचा पास तपासायला सुरुवात केली आणि महिना-दिवसाच्या उलटापालटीवर प्रत्येक ड्रायव्हरशी स्वतंत्रपणे भांडला. मागच्या कारखान्याचा टँकर रांगेत अडकला, त्यांचा मॅनेजर चालत आला. आमचे प्लांट मॅनेजर साहेब खिडकीतून बघत म्हणाले, "उद्या ऑडिट, आणि आज एवढ्या गाड्या? माल तरी आहे का आपल्याकडे?"

एक मात्र झालं. मेसेज पाठवणारं ते पॅकेज एकोणिसांच्या यादीत होतं. ते वापरात आहे हे आता संपूर्ण एमआयडीसीसमोर सिद्ध झालं होतं.

रात्री मॅडमनी त्यांचा ठरलेला फॉर्म दिला. प्रत्येक बाहेरच्या मालासाठी रकाने: उत्पादकाचं नाव, पत्ता, बॅच नंबर, वापरायची अंतिम तारीख, परवाना. बॅच नंबरच्या जागी आवृत्ती लिहिली, ते जमलं. पत्त्याच्या जागी इंटरनेट. अंतिम तारीख मोमेंटपुरती तरी भरता आली. परवान्याच्या रकान्यात जवळपास सगळीकडे 'एमआयटी' आलं, कारण फुकट वाटायच्या कोडला तोच परवाना लावायची रीत आहे. मॅसॅच्युसेट्सच्या त्या संस्थेच्या नावाने चालतो.

साहेबांनी फॉर्मवरून नजर फिरवली. "एमआयटी? म्हणजे कोथरूडची ना? माझा भाचा तिथेच आहे. आधी सांगायचं नाही का? एका फोनवर यादी आली असती."

एकोणिसांपैकी किती काढली असं विचाराल, तर चार. बाकी पंधरा काढायची हिंमत झाली नाही. एनपीएमच्या गोदामातही याहून वेगळं काही चालत नाही, हे वाचून मला धीर आला. तिथे नुसतं 'आडवी रेघ' एवढंच नाव असलेलं एक पॅकेज आहे. आत काम करणारं काही नाही. तरी २०२१ पर्यंत ते सात लाखांवर वेळा उतरवलं गेलं होतं. बहुधा आज्ञा देताना रेघ आणि अक्षर यांच्यामध्ये चुकून जागा सोडणाऱ्यांकडून. आणि २०२३ च्या शेवटी काही पोरांनी गंमत म्हणून 'एव्हरीथिंग' नावाचं पॅकेज काढलं, गोदामातल्या एकूण एक पॅकेजवर अवलंबून असलेलं. लेफ्ट-पॅडच्या धड्यानंतर एनपीएमने नियम केला होता की ज्यावर दुसरं कोणी अवलंबून आहे ते सहजासहजी मागे घेता येणार नाही. झालं! एका रात्रीत कोणालाच आपलं काही मागे घेता येईना. काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदाच माझ्या धंद्याबद्दल आदराने बोलले.

"चांगली माणसं आहेत," म्हणाले.

ऑडिटर आला. उंच, शांत, घामाघूम. माझी यादी त्याने हातात घेतली, पानं अंगठ्याने फर्रकन उलटली, जाडी बघून समाधानाने मान डोलावली आणि फायलीत लावली. मग भिंतीकडे बोट दाखवून विचारलं की या फायर एक्स्टिंग्विशरची मुदत संपलीय, तो कधी भरणार. पुढचा अर्धा दिवस त्यावर गेला. माझ्या यादीवर शेरा आला, 'समाधानकारक, दर वर्षी अद्ययावत करावी.'

तर तुमच्याकडेही असला एखादा वारसा असेल तर एवढं करा. एका वेळी एकच पॅकेज काढा, काढलं की सगळं पुन्हा चालवून बघा, आणि नव्याने काही आणाल तेव्हा ते का आणलं ते शेजारी एका ओळीत लिहून ठेवा. कॅनडाला जायच्या आधी. आणि पडद्यावर 'टेस्ट' असं लिहिलेलं बटण दिसलं, तर पहिल्यांदा गेटवर फोन करा.